ड्रेनो खुर्दची सरपंच

ज्या जिल्ह्यात जर्मन माणसंसुद्धा सहसा फिरकत नाहीत, तिथं मी चार दिवस राहून आले. म्युनिकला लेकीकडे जाते म्हटल्यावर आमच्या साताऱ्याच्या मैत्रिणींनी मला राजवाडे, बर्फाचे डोंगर आणि चॉकलेटं एवढ्याचीच यादी दिली होती. ते सगळं पाहून झालं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी प्रिग्निट्झबद्दल लिहिते.

मी एकतीस वर्षं ग्रामसेविका होते, त्यातली बरीचशी जावळी खोऱ्यात. दरवाजांना कुलपं आणि अंगणात गवत असलेली गावं मला नवी नाहीत. माझी लेक मृणाल म्युनिकला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या टीममध्ये काट्रिन नावाची मुलगी आहे, दोघींची गट्टी. काट्रिनचं माहेर प्रिग्निट्झ जिल्ह्यात, बर्लिन आणि हाम्बुर्गच्या मधोमध. नोव्हेंबरात एक दिवस मृणाल म्हणाली, "आई, काट्रिनची आई तिच्या गावची ब्युर्गरमाइस्टर आहे. म्हणजे सरपंचच. येत्या रविवारी गावात मतदान आहे. तुला बघायचंय?"

राजवाडा बघताना मी जांभया देत होते, हे लेकीनं पाहिलं असणार. मी लगेच बॅग भरली. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून बेसनाचे लाडू केले, चांगले मोठा डबा भरून.

शुक्रवार

म्युनिकहून बर्लिन, बर्लिनहून विटेनबेर्गे. प्रवासाबद्दल एवढंच सांगते की बर्लिन सोडल्यावर गाडीचा डबा रिकामा होत गेला आणि खिडकीबाहेर सपाट जमीन सुरू झाली ती संपेचना. डोंगराच्या माणसाला सपाटी लवकर कंटाळवाणी वाटते. शेतं मात्र केवढाली! एकेका शेतात आमचं अख्खं गाव शिवारासकट मावेल. माणूस औषधालाही दिसत नव्हता. एल्बे नदीकाठच्या गावांत विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी होती, तीही थंडीमुळे रिकामी.

काट्रिन आधीच माहेरी पोहोचली होती, ती गाडी घेऊन स्टेशनवर आली. वाटेत पाटी लागली: ग्रोस ड्रेनो. पुढे क्लाइन ड्रेनो. मृणालनं अर्थ सांगितला, मोठं आणि लहान. म्हणजे ड्रेनो बुद्रुक आणि ड्रेनो खुर्द! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. काट्रिनचं गाव खुर्द. ते आणि आजूबाजूच्या तीन वाड्या मिळून एक ग्रामपंचायत.

काट्रिनची आई, रेनाटे, दारातच उभी होती. सत्तरीला टेकलेली, उंच, आखूड पांढरे केस, हातात रबरी मोजे. तिला इंग्रजी येत नाही, शाळेत रशियन शिकवलं. मी नमस्कार केला, तिनं मोजा काढून हात पुढे केला, आणि दोघींनी एकदमच उलट केलं, तेव्हा हसू फुटलं. मी तिला मनातल्या मनात रेनाटेताई म्हणायला लागले आणि थोड्या वेळानं तोंडावरही. तिला ते आवडलं. "फ्राउ ब्युर्गरमाइस्टरीन" पेक्षा लहान आहे, म्हणाली.

चहा नाही, कॉफी. सोबत प्लमचा केक. आणि मग ताईंनी गावाचा इतिहास सांगितला, मृणाल मराठी करत होती. पूर्वी सगळी जमीन एका जमीनदाराची. त्याचा वाडा अजून आहे, छपरावर झाड उगवलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर जमीनदार पळाला, जमिनीचे तुकडे पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांना वाटले. ताईंची आई त्यातलीच, एक हातगाडी आणि दोन मुलं घेऊन आलेली. थोड्याच वर्षांत सरकारनं तेच तुकडे परत एकत्र करून सामुदायिक शेती केली. ताई तिथल्या बालवाडीत शिकवायच्या. मग पूर्व जर्मनी संपली, सामुदायिक शेतीची कंपनी झाली, जिथं शंभर माणसं लागायची तिथं आठ पुरायला लागली. तरुण पश्चिमेला गेले.

"आधी मुली गेल्या," ताई म्हणाल्या. "मुली गेल्या की पाच वर्षांत बालवाडी बंद होते. माझी झाली. मग दुकान, मग शाळा, मग बस. तेव्हा मला वेळच वेळ होता, म्हणून लोकांनी ब्युर्गरमाइस्टर केलं."

पगार नाही, थोडासा भत्ता. ग्रामसेवक नाही. कागदपत्रांचं काम 'आम्ट'मध्ये होतं, म्हणजे अनेक गावांसाठी मिळून एक कार्यालय, पंचवीस किलोमीटरवर. बाकी सगळं ताईच. दिवा गेला, ताई. रस्त्यावर झाड पडलं, ताई. कुणी वारलं की स्मशानातल्या प्रार्थनाघराचं दार उघडायलाही ताईच.

मी विचारलं, "आणि मतदान कसलं?"

ग्रामपंचायत विसर्जित करून शेजारच्या शहराच्या नगरपालिकेत विलीन व्हायचं का, यावर मतदान. 'हो' किंवा 'नाही'. ताईंनी एवढंच सांगितलं आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. त्यांचं स्वतःचं मत काय, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? माझ्या एकतीस वर्षांत खुर्ची आपणहून सोडणारा सरपंच मी पाहिलेला नाही. अविश्वास ठराव आला की सदस्यांना सहलीला पळवून नेणारे पाहिले. खुर्ची मोडकी असली तरी तिच्यासाठी सख्खे भाऊ वेगळे झालेले पाहिले.

शनिवार

सकाळी काट्रिन आणि मृणाल विटेनबेर्गेला सामान आणायला गेल्या. ताई अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मतदानाची टेबलं मांडायला गेल्या. इथं गावोगाव आग विझवायला गावकऱ्यांचंच पथक असतं, आणि त्यांची शेड हेच चावडी, समाजमंदिर आणि मतदान केंद्र. मी घरात एकटी.

आता माझा आगाऊपणा सांगते, लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे ग्रामसभेला कोरम भरत नाही. गावातले निम्मे लोक मुंबईला, उरलेले रानात. मग ग्रामसेवकाची ठरलेली रीत म्हणजे नोंदवही घेऊन घरोघर जायचं, चहा प्यायचा, सह्या घ्यायच्या. कायद्यात हे बसत नाही. पण त्या निमित्तानं प्रत्येक उंबरा झिजवला जातो, कोण आजारी आहे, कुणाची सून रुसलीय हे कळतं. मला त्या कामाची सवय लागली होती, आणि निवृत्तीनंतर तेच काम सगळ्यात जास्त आठवतं. इथं तर सरपंचबाईंची ग्रामपंचायत जायची वेळ आलेली, आणि बाई प्रचाराला बाहेरसुद्धा पडत नाही! एक पत्रक नाही, एक बैठक नाही. रस्त्यातल्या खांबांवर फलक होते ते जुन्या निवडणुकीचे, त्यातल्या एका पक्षाला आमच्यासारखे लोक देशात नकोत, असं मृणालनं वाचून दाखवलं होतं.

मी लाडवांचा डबा उचलला, फोनमधलं भाषांतराचं ॲप चालू केलं आणि निघाले. मी मराठीत बोलायचं, फोन जर्मनमध्ये बोलणार. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माझ्याइतकं उत्साही माणूस सापडणार नाही.

नऊ घरं झाली. पहिल्या दोन घरांनी दार अर्धंच उघडलं. साडीवर जाकीट आणि डोक्याला मफलर बांधलेली बाई लाडू पुढे करते आहे, तिच्या हातातला फोन बोलतो आहे. मी असते तर कडीच लावली असती. माझं वाक्य ठरलेलं होतं: "मी रेनाटेताईंची पाहुणी. उद्या मतदानाला या. 'नाही' म्हणा. गाव गावाचं राहू द्या."

तिसऱ्या घरातल्या योआखिम यांनी मात्र दार सताड उघडलं. पूर्वी सामुदायिक शेतीचे ट्रॅक्टर चालवायचे, आता अग्निशमन पथकाचे प्रमुख. पथकात सहा जण, त्यातले चार साठीच्या पुढचे. लाडू एका घासात तोंडात टाकून ते टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "रेनाटेशिवाय गाव? शहराचा माणूस इथं येऊन बर्फ काढणार आहे का?" मग मला शेळ्या दाखवल्या. लांडगे वाढलेत म्हणून कुंपणाला वीज सोडलेली होती.

शेवटच्या घरी इल्झे नावाच्या आजी होत्या, नव्वदीच्या आसपास. त्यांनी मला बसवलं, फोनकडे लक्षच दिलं नाही, आणि अर्धा तास जर्मनमध्ये बोलत राहिल्या. फोटो दाखवले. मुलगा श्टुटगार्टकडे, त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात होता, आता तोही निवृत्त झाला. फोननं मधूनमधून जेवढं पकडलं तेवढं कळलं. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. माझ्या आठवणीत जावळीतल्या अशा किती म्हाताऱ्या आहेत, पण त्यांची पोरं यात्रेला तरी येतात. गावदेवाच्या पालखीला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात, चार दिवस कुलपं निघतात, भांडणंही होतात. ड्रेनोला यात्रा नाही. इथून गेलेला माणूस गेला तो गेलाच, आणि मला या जिल्ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटली.

संध्याकाळी ताईंनी क्नीपरकोल केला. तीन-चार जातींच्या कोबीची पानं बारीक चिरून, चेरीच्या पानांबरोबर आंबवून ठेवतात आणि मग तासन्‌तास शिजवतात. रंग मातकट, वास उग्र. इतरांसाठी त्यात डुकराचं मांस, माझ्यासाठी नुसतं बटाट्यांबरोबर. पहिला घास घेतला आणि मला थेट अंबाडीची भाजी आठवली. परवानगी काढून तेलात लसूण आणि सुकी मिरची परतली नि वर ओतली. ताईंनी चव घेतली, खोकल्या, आणि ताट पुढे केलं, अजून घाला म्हणून.

पोटभर जेवल्यावर मी खुशीत म्हणाले, "ताई, काळजी करू नका. उद्या 'नाही'च येणार. मी नऊ घरं पक्की करून आले."

मृणालचा काटा हवेत थांबला. "आई, तू काय केलंस?"

"सांग की त्यांना."

"आई, प्लीज! आधी मला सांग तू काय केलंस."

मी सांगितलं. मृणालनं अडखळत भाषांतर केलं. काट्रिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रेनाटेताईंनी काटा-सुरी ताटात समांतर ठेवली, रुमालानं ओठ टिपले आणि माझ्याकडे पाहत सावकाश बोलल्या. मृणाल माझ्याकडे न बघता मराठी करत होती.

"मला 'हो' हवंय, फ्राउ शेलार. एकवीस वर्षं झाली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. काट्रिननं म्युनिकमध्ये माझ्यासाठी खोली तयार ठेवलीय, तिला बाळ होणार आहे मार्चमध्ये. पण माझ्यानंतर इथं कुणी उभं राहत नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. गाव असं वाऱ्यावर सोडून मी जाऊ शकत नाही. शहरात विलीन झालं तर निदान कुणीतरी जबाबदार राहील आणि मी सुटेन."

मला घाम फुटला. बाहेर शून्याच्या खाली असेल. मी म्हटलं, "मग लोकांना सांगितलं का नाहीत?"

"मतदान केंद्र मी चालवते. पेटीपाशी मी बसणार. मी कसं सांगू, काय निवडा ते? मतदान जाहीर होऊन बावीस दिवस झाले, मी कुणालाही एक शब्द बोललेले नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्याकडचा सरपंच मतदान केंद्राच्या दारात हात जोडून उभा राहतो. ही बाई स्वतःच्या सुटकेसाठीसुद्धा तोंड उघडत नव्हती, आणि मी तिच्या नावानं उलटा प्रचार करून आले होते. मी म्हटलं, "मी आत्ता जाते. नऊच्या नऊ घरी परत जाऊन सांगते."

"नाही," ताई म्हणाल्या. हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला. "आता त्यांचं डोकं त्यांच्याकडे राहू द्या."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि भांडी आवरायला घेतली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मी ते इथं कौतुकासाठी लिहीत नाही. मला स्वतःचा राग आला होता.

रविवार

मतदान सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. रांग नाही, पोलीस नाहीत, शाई नाही. माणूस येतो, नाव सांगतो, चिठ्ठी घेतो, पडद्याआड जातो. ताई पेटीपाशी ताठ बसलेल्या, गुडघ्याखाली स्टूल. प्रत्येकाला तेवढंच बोलत होत्या: नमस्कार, ही चिठ्ठी, धन्यवाद. दुपारी योआखिम आपल्या गाडीतून इल्झे आजींना घेऊन आले. त्यांनी मला पाहून हात हलवला, आणि मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

जर्मनीत मतमोजणी कुणालाही बघता येते, परदेशी माणसालासुद्धा. सहा वाजता पेटी टेबलावर उलटी केली. गावातले तीसेक लोक भिंतीला टेकून उभे होते, बाटलीतली बीअर फिरत होती. ताई आणि आणखी तिघांनी चिठ्ठ्या उलगडल्या, दोन गठ्ठे केले. एकतीस वर्षं मी असे गठ्ठे पाहिलेत, मला मोजायच्या आधी कळतं. मी काट्रिनकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. तिचा एक हात पोटावर होता.

हो चौसष्ट. नाही एकशे बारा.

ताईंनी आकडे न अडखळता वाचले, कागदावर सही केली. आणि शेडमध्ये टाळ्या सुरू झाल्या. गठ्ठ्याला नव्हे, ताईंना. लोक त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. योआखिम पुढे आले, डोळ्यांत पाणी, बीअरची बाटली उंच केली.

"रेनाटे, हे तुझ्यासाठी! आम्ही तुला शहराच्या हातात देत नाही."

तेव्हा मला कळलं की नऊ घरांचा प्रश्नच नव्हता. जो विचार मी केला तोच सगळ्या गावानं केला होता. एकशे बारा माणसांनी त्या बाईवर जीव टाकून तिचा रस्ता बंद केला होता, आणि एकानंही तिला विचारलं नव्हतं. गाव करी ते राव न करी म्हणतात. मला ती म्हण तेव्हा फार कडू वाटली.

ताई हसल्या, तसं हसायचं असतं म्हणून. "धन्यवाद," म्हणाल्या आणि पेन खिशात ठेवलं. त्या काही बोलणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. अजून पाच वर्षं तशाच काढतील. काट्रिनचा चेहरा पाहवत नव्हता.

मी मृणालचा दंड धरला. "मतदान संपलं ना? कागदावर सही झाली ना?"

"हो, पण..."

"मग मी सांगते तसंच्या तसं बोल." आणि मी पुढे झाले. कालच्या आगाऊपणाची लाज होती, पण गप्प राहिले असते तर जास्त वाटली असती. मी म्हटलं, "मी काल तुमच्या दारात येऊन चुकीचं सांगितलं. मी ताईंना विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत का?"

मृणालनं शब्दन्‌शब्द सांगितला. योआखिमनी बाटली खाली घेतली. "काय विचारायचं?" ते ताईंकडे वळले. "रेनाटे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं की कशानं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग त्या बोलल्या. गुडघा, खोली, मार्च, बाळ. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

"पण तू कधी बोलली नाहीस!" योआखिम म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मग मी... मी चुकीचं मत दिलं."

"नाही, योआखिम," ताई म्हणाल्या. "मत दिलंस. आता ते निभाव."

त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. शेड, प्रार्थनाघर, सूचनाफलक, रस्त्यावरच्या दिव्यांची पेटी. टेबलावर मतपत्रिकांच्या शेजारी ठेवला आणि काट्रिनच्या दंडाला धरून, लंगडत, बाहेर पडल्या. टाळी कुणी वाजवली नाही. किल्ल्यांना हातही कुणी लावला नाही.

सोमवार

आमची गाडी सकाळची होती. ताईंनी निरोप देताना हात पुढे केला नाही, दोन्ही हात जोडले. मीही जोडले. त्या रात्रभर झोपल्या होत्या, असं काट्रिन म्हणाली.

स्टेशनच्या वाटेवर अग्निशमन शेड लागते. आतला दिवा चालू होता. काट्रिननं गाडी हळू केली. खिडकीतून टेबल दिसलं, त्यावर जुडगा तसाच. टेबलापाशी कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून योआखिम एकटेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि किल्ल्यांकडे बघत होते.